अर्ध्यावर थांबवलेली गोडी

इटलीहून आलेल्या त्या पत्राचं उत्तर सदाशिवरावांनी दीड वर्ष दिलं नव्हतं. पत्र जुन्या पंचांगात घालून ठेवलं होतं, आणि त्याच्याबरोबर आलेली बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत मानेपर्यंत पुरलेली होती.

सदाशिवराव दारव्ह्याचे निवृत्त पोस्टमास्तर. उभ्या आयुष्यात हजारो पत्रं त्यांनी दुसऱ्यांना वाचून दाखवली, दुसऱ्यांची लिहूनही दिली. स्वतःचं एक लिहायला बसले की मात्र पहिलाच शब्द खोडावासा वाटायचा.

पत्र इंग्रजीत होतं. मिशनच्या दवाखान्यात कामाला आलेल्या इटालियन नर्सबाईनं, तिच्या गावच्या एका द्राक्षमळेवाल्यानं सांगितलं तसं ते लिहून घेतलं होतं. बाटलीही तिनंच सामानातून आणली. खाली सही होती, पिएत्रो. 'लढाईपासून मी इथंच आहे. ही माझ्या हातची वाइन. थंड जागी ठेवा. एकट्यानं पिऊ नका. चव कशी लागली, एवढंच कळवा. उत्तर आलं नाही, तर मी समजून जाईन.'

वाचनालयातल्या जाड ज्ञानकोशात सदाशिवरावांनी त्या वाइनची माहिती शोधून काढली. मस्कट जातीची पांढरी द्राक्षं. रस आंबू लागला की तो थंड करून आंबणं मध्येच थांबवायचं. म्हणून साखर उरते, नशा कमी राहते, आणि बुडबुडे आतच कोंडले जातात. एवढं सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं. बाटलीला मात्र हात लावला नाही. ती उघडली की उत्तर लिहावं लागेल, आणि उत्तर गेलं की आपलं काहीतरी संपेल, अशी त्यांना भीती वाटायची. एका बाटलीची भीती! मग ते स्वतःलाच हसायचे.

त्यांच्या ओसरीवर आठवड्यातून एकच माणूस यायचं. बाजाराच्या दिवशी तूप विकून झालं की तांड्यावरची सोनीबाई पाणी प्यायला थांबायची. कोपरापासून खांद्यापर्यंत तिच्या हातात पांढरा चुडा. तांड्यावरच्या बायकांचा हा चुडा नवरा असेस्तोवरचा. तिचा नवरा देवसिंग एक्केचाळीस साली फौजेत गेला, आफ्रिकेच्या वाळवंटात इटलीवाल्यांशी लढला, आणि एक दिवस कागद आला, 'बेपत्ता'. तो कागद सदाशिवरावांनीच तिला वाचून दाखवला होता.

"बेपत्ता म्हंजे मेला नाही ना?" तिनं विचारलं होतं.

"नाही."

म्हणून चुडा राहिला. आणि दर बाजाराला एकच प्रश्न, काही आलं का. नवा पोस्टमास्तर आला तरी ती विचारायची यांनाच.

संक्रांत होऊन गेली होती. सोनीबाईनं तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"मास्तर, काई आलं?"

"नाही."

ती उठली नाही. गोणपाटावर नीट मांडी घालून बसली.

"मंग हे शेवटचं इचारणं. होळीले पंच बसतेत. तांड्याचा नायक म्हणते, वीस वर्सं झाले, आता चुडा उतरव आन् दिराच्या घरी बस."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणू? तुमी एवढे बुकं वाचले. तुमीच सांगा, उतरवू?"

सदाशिवराव उठून आत गेले. परत आले ते वाळूनं माखलेली बाटली घेऊन.

"अगं माय! दारूबंदीत मास्तर दारू पेते?"

"शिंदीपेक्षा हलकी आहे. लढाईच्या वेळच्या एका ओळखीच्या माणसानं पाठवली."

बूच सुतळीनं करकचून बांधलेलं होतं. ते सुरी शोधू लागले.

"कापू नका, द्या इकडं." तिनं बाटली मांडीत धरली, सुतळीचं एक टोक नखानं उचललं, उलटं ओढलं, आणि सगळी गाठ एकदम सुटून आली. "बैलाच्या गोणीले आमच्यात अशीच मारत. माझा सासरा शिकवे पोरायले."

"गाठी सगळीकडे सारख्याच," सदाशिवराव म्हणाले. त्यांचा आवाज उगाच चढला होता.

बूच फट्कन उडून कौलांना लागलं. सोनीबाई किंचाळली आणि मग पोट धरून हसली. त्यांनी दोन पितळी पेल्यांत ओतलं. तिनं भीत भीत घोट घेतला.

"नाकात मुंग्या गेल्या ना!" मग दुसरा घोट. "मोहाचं फूल पहाटे चोखलं का असंच लागते."

त्यांनी तिला वहीतली माहिती सांगितली, आंबणं थांबवायची.

"अर्ध्यावर थांबवलं म्हणून गोड राह्यलं," ती हळूच म्हणाली. "पण असं किती दिवस टिकते?"

"फार नाही. ताजी असतानाच उघडायची असते. मी उशीर केला."

"काहून केला?"

सदाशिवरावांनी तिच्याखालच्या गोणपाटाकडे पाहिलं. "एकट्याचं घर आहे, सोनीबाई. बाटली बंद होती तोवर..."

"बरं, मंग उतरवू का नको?"

"नको. पंचांना सांग, मास्तर थांब म्हणाले."

"वीस वर्सांत तुमी मले काई सांगतलं नाही. आज एका घोटात?"

तिनं भांडं उचललं. जाताना सुतळी बोटाला गुंडाळत म्हणाली, "हे मी नेते."

ती वळणापलीकडे जाईपर्यंत ते दारात उभे होते. मग लिहायला बसले. या वेळी काही खोडलं नाही. पाकिटावर पिएत्रोचा पत्ता घातला आणि चौकातल्या लाल पेटीत ते टाकलं. आत चारच ओळी होत्या:

'देवसिंग, वाइन सोनीला मोहाच्या फुलासारखी लागली.
तुझी गाठ तिनं एका ओढीत सोडवली.
चुडा अजून हातात आहे.
होळीच्या आत ये.'