टाळी

"पंखा बंद कर," बाबा म्हणाले.

"इतक्या उकाड्यात?"

"त्याच्या घरघरीत तुझं लक्ष राहत नाही. कर."

मुलीने उठून बटण दाबलं. भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ बाबांनी आधीच काढून कपाटात टाकलं होतं. घड्याळाकडे बघत केलेला अभ्यास म्हणजे पाट्या टाकणं, असं त्यांचं म्हणणं. त्याच कपाटात, कुलपाआड, तिचा मोबाइलही होता. टीव्हीची केबल तर त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती.

आणि ते केबल काढतात म्हणजे नवलच. एका टीव्ही वाहिनीत ते एडिटर होते. दुसऱ्यांनी चित्रित केलेलं कापून, जोडून, सरळ करायचं, हे त्यांचं काम. मग वाहिनीने माणसं कमी केली आणि बाबा घरी बसले. त्याच सुमारास मुलीच्या विज्ञानाचा निकाल लागला. म्हणजे अगदी निकालच लागला. तशी ती दिवसभर मोबाइलवर शिकतच असायची. अर्ध्या मिनिटात प्रकाश, अर्ध्या मिनिटात उष्णता. डोक्यात मात्र उजेड पडला नव्हता. आता फेरपरीक्षा तोंडी होती, सगळ्या वर्गासमोर. त्यात गचकली तर वर्ष गेलं.

"मी शिकवतो," बाबा म्हणाले होते. "माणसाने माणसाकडे बघून शिकावं. पडदे पुरे झाले."

ते तिच्यासमोर बसले. त्यांच्या मागच्या फळीवर नवी कुंडी होती. त्यांनी नेहमीसारखी एक टाळी वाजवली.

"ही टाळी कशाला हो रोज?"

"ठमाबाईंचं लक्ष जागेवर यावं म्हणून."

"एका हाताने टाळी वाजत नसते," दारातून आई म्हणाली. ती नर्स होती, ड्युटीवर निघाली होती. "तूही जरा मन लाव. आणि केस मागे घे बाई, चेहरा झाकतेस नुसता." जाता जाता तिने मुलीची बट कानामागे सारली.

बाबांनी बुटाची नाडी मुलीच्या हातात दिली. "गाठ मार. आता सांग, ही सुटत का नाही?"

"घट्ट मारलीये म्हणून."

"तेलात बुडवून मारून बघ, कशी राहते. घर्षण आहे म्हणून गाठ आहे."

मुलगी नाडीकडे बघत राहिली. "म्हणजे ही टोकं प्रेमाने धरून नाहीत एकमेकांना? नुसती घासतायत म्हणून टिकलीत? तुमच्या आणि आईच्या संसारासारखी?"

बाबा पोट धरून हसले. डोळे पुसून म्हणाले, "हे पुन्हा म्हण. पहिल्यापासून, सावकाश."

तिने म्हटलं. बाबा पुन्हा हसले. आपण एवढं हसवू शकतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती कुंडीला पाणी घालायला उठली, तेव्हा मात्र ते घाईने म्हणाले, "राहू दे. नवं रोप आहे, हात लावू नकोस. मी बघतो त्याचं."

दिवस असे चांगले जात होते. इतके चांगले, की एकदा धडा अर्धवट टाकून ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?"

"सांग."

"मोठ्याने वाचायला लागलं ना, की अक्षरं जागा बदलतात. सगळी हसतात. म्हणून वाचनाच्या दिवशी माझं पोट दुखतं." ती थांबली. "खरं दुखत नाही."

बाबांचे डोळे भरले. तिच्या हातावर हात ठेवून ते म्हणाले, "हे आपल्या दोघांतच."

हळूहळू बाहेरचं जगही बदललं. बेकरीवाल्या काकांनी क्रीमरोल बांधून देताना म्हटलं, "ठमाबाई, परीक्षेच्या दिवशी पोट सांभाळा हं." क्रीमरोलकडे बघून ती हसली. घरचं नाव आईनेच सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहत नाही. वर्गात ज्या मुली हिला पाहून बाकावर दप्तर ठेवायच्या, त्या आता सरकून जागा देऊ लागल्या. तोंडी परीक्षेला बाईंनी प्रश्नाचा कागद पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "वाचू नकोस. मी विचारते, तू सांग."

ती पास झाली.

"मोबाइल गेला आणि माणसं मिळाली," तिने बाबांना सांगितलं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "छान बोललीस," ते म्हणाले. "हे उद्या अभ्यासाला बसल्यावर सांग."

पुढच्या आठवड्यात शाळेने ठरवलं, की वीज आधी का दिसते आणि गडगडाट मागून का येतो, हे हिनेच समजावून सांगायचं आणि ते चित्रित करायचं. कॅमेरावाला दादा आला. त्याने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. मग तिच्या तोंडासमोर येऊन एक टाळी वाजवली.

मुलगी हसली. "माझं लक्ष आहे, दादा."

"लक्षासाठी नाही गं. चित्र या कॅमेऱ्यात जातं, आवाज त्या दुसऱ्या यंत्रात. नंतर एडिटर टाळीवर टाळी बसवतो, की दोन्ही जुळतात. नाहीतर तुझ्या विजेसारखं व्हायचं, ओठ आधी हलणार आणि शब्द मागून येणार. हं, बोल."

तिला पहिलं वाक्यच आठवेना.

संध्याकाळी बाबांनी पंखा बंद केला. आईने येऊन तिची बट कानामागे सारली. बाबा समोर बसले आणि त्यांनी टाळी वाजवली.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या खांद्यावरून, फळीवरच्या कुंडीतल्या पानांआडच्या काळ्या गोल ठिपक्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "नमस्कार मंडळी. मी ठमाबाई. आज माझं पोट खरंच दुखतंय."