निळा चष्मा

"पाण्यात गेलेल्याला एकटं ठेवायचं नाही, हेमा. जिवंत असो वा नसो, किनाऱ्यावर आणायचंच," बाबा म्हणायचे. देवबागच्या वाळूत त्यांच्या पायांना हात लावून तिने तसा शब्द दिला होता.

आता ती कॅरिबियनमधल्या एका बेटावर क्रूझच्या प्रवाशांची जीवरक्षक होती. चक्रीवादळाने समुद्र मातकट करून टाकला होता. पण जहाजातून उतरताना प्रत्येकाला कंपनीचा चष्मा मिळे आणि त्यातून पाणी नितळ निळं दिसे. वाहून आलेले पत्रे, ओंडके, मेलेली जनावरं, सगळं तो पुसून टाकी. धोक्याचा लाल बावटासुद्धा. जीवरक्षकांनाही तो काढायची मनाई होती.

"काय सुंदर आहे गं!" नाशिकच्या मंदाताई म्हणाल्या. "आमचे हे सकाळपासून पाण्यातच आहेत. धड पोहता येत नाही, पण हौस दांडगी! पिवळा शर्ट आहे बघ, जरा हाक मार ना त्यांना."

हेमाने चष्मा कपाळावर सरकवला. ओंडक्यांच्या पलीकडे पिवळा शर्ट घातलेला माणूस पालथा तरंगत होता. त्याच्या पाठीवर एक पक्षी निवांत बसला होता. तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. तिथे नुसतं निळं पाणी होतं.

"दिसले का गं?"

"तुम्ही इथेच बसा, मावशी. मी आणते त्यांना."

"रागावू नकोस हं त्यांच्यावर," मंदाताई हसल्या.

हेमाने चष्मा वाळूत ठेवला, पाण्याला हात जोडले आणि ओंडके बाजूला सारत ती आत निघाली.