आईचं विरजण

नीरजाने नळीत तिसऱ्यांदा फुंकलं, तरी आकडा शून्यावरून हलला नाही. श्वासात मिथेन नाही, म्हणजे पोटात आर्किया जातीचा एकही सूक्ष्मजीव जिवंत नाही.

"सूक्ष्मजीवांच्या बँकेतले दोनदा देऊन पाहिले, टिकले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आता घरचंच विरजण आणा. आईचं, नाहीतर सख्ख्या बहिणीचं."

आतड्यातल्या त्या सूक्ष्मजीवांना हल्ली सगळेच विरजण म्हणत. ते गेल्यापासून नीरजाचं खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. पाच महिन्यांत चौदा किलो वजन उतरलं होतं. आई नव्हती. आईचंच विरजण पोटात असलेली बहीण होती, चिपळूणला. आईला शेवटी कोणी सांभाळायचं यावरून दोघींचं बोलणं तुटलं, त्याला अकरा वर्षं होत आली होती.

घरी येऊन तिने चारदा नंबर काढला आणि चारदा फोन खाली ठेवला. शेवटी लावला तेव्हा बाहेर दिवे लागत होते.

"ताई, मी नीरजा." पुढचं जुळवून ठेवलेलं सगळं ती विसरली. "मला आईचं विरजण हवंय."



"तिन्हीसांजेला विरजण मागू नये, एवढंही विसरलीस?" ताईचा आवाज फार खोल गेला होता.

नीरजा फोन ठेवणारच होती.

"थांब, ठेवू नकोस. माझंही गेलं गं, टायफॉइडच्या औषधांत. तुझ्याकडे मागायला रोज सकाळी फोन हातात घेत होते."