सगळ्यात बारका तुकडा

"सेरेबेलममध्ये गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "मेड्युलावर दाब यायला लागलाय. लवकरात लवकर संभाजीनगरला न्या. चिठ्ठी देतो."

भारतनं मान हलवली. तहसीलमध्ये कारकून असल्यामुळं इंग्रजी कागद रोज त्याच्या हाताखालून जायचे, पण हे दोन शब्द काही त्याला कळले नाहीत. अन् अर्थ विचारायचा कसा? शेजारच्या स्टुलावर आई बसली होती. महिनाभरापासून तिचा तोल जात होता. परवा तर उंबऱ्यातच कोसळली होती.

दवाखान्याच्या पायऱ्या तिला धरून उतरवताना तो म्हणाला, "काही न्हाई, माय. बारीक गाठ हाये. गोळ्यांनी जिरंल. आता घरी तीर्थपुरीला जाऊ, कपडे-बिपडे घेऊ, अन् सोमवारी निवांत संभाजीनगरला दाखवून येऊ."

गोजरबाई खालच्या पायरीवर थांबली.

"मेड्युला म्हणले ना रे ते?"

"तुला काय करायचंय त्याच्याशी?"

"मस्तिष्कपुच्छ."

तिनं शब्द जराही न अडखळता उच्चारला. चौथी शिकलेल्या आपल्या आईकडं भारत बघतच राहिला.

"एकतीस वर्षं शाळेत शिपाई होते मी," ती म्हणाली. "मेंदूचं मॉडेल दहावीच्या वर्गात मीच न्यायचे. मार्तंड सरांचा तास सरंस्तोवर दारात उभी राह्यचे, माघारी आणायला. सगळ्यात बारका तुकडा तो, अंगठ्याएवढा. सारखा निखळून पडायचा. सर पोरांना सांगायचे, मोठा मेंदू बिघडला तर माणूस इसरतं, लहाना बिघडला तर झोकांड्या जातात. पण श्वास, काळजाचे ठोके ह्याच्यावर चालतात. ह्याला धक्का लागला तर..."



"तर काय, माय?"

"तीर्थपुरी नको. कपडे राहू दे. गाडी इथूनच काढ."

भारतनं वाद घातला नाही. गाडीत ती मागं आडवी व्हायला तयार होईना, पुढंच बसली. बदनापूर मागं पडलं. भारतनं दोनदा विचारलं, "चक्कर येऊन राह्यली का?" तिनं दोन्ही वेळा नकाराची मान हलवली. मग बाटलीकडं हात केला.

पहिल्याच घोटाला ठसका लागला. पाणी नाकातून आलं, पदरावर सांडलं. भारतनं घाबरून गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली.

"थांबवू नको."

पदरानं तोंड पुसून तिनं दुसरा घोट घेतला. अगदी लहान. डोळे मिटून, जपून. तोही घशाखाली उतरला नाही.

"गिळणं बी तिथूनच चालतं," ती म्हणाली, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून टाकलं.