मटकीचे वीस तास

“टोरोंटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. लंडनचा थांबा धरून वीस तास,” लेकीच्या विमानाचा तपशील मी मुद्दाम मोठ्याने वाचला. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. तिने परस्पर लग्न केलं, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून ह्यांनी तिचं नावही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमानतळावरून तिचा फोन आला. “आई, आम्ही उतरलो. हॉटेलवर जाऊ, की घरी येऊ?”

फोन तसाच हातात धरून ह्यांना शोधत स्वयंपाकघरात गेले, तर कधी चहासुद्धा न केलेले हे ओट्यापाशी उभे. समोर ओलं फडकं सोडलेलं, आत मटकीला पांढरेशुभ्र मोड.

“तिचं विमान सुटलेलं मोबाईलवर दिसलं, तेव्हा भिजत घातली. लंडनहून निघालं, तेव्हा बांधली,” माझ्याकडे न बघता हे म्हणाले. मग फोनकडे बोट केलं.

“तिला उसळ आवडते, ते ठाऊक आहे मला. जावईबापूंना तिखट चालतं का, तेवढं विचार.”