सासऱ्यासमोरची खुर्ची

निवडून आल्यापासून सरपंच योगेश्वरी सभेत खुर्चीवर बसलीच नव्हती. सासरे झामसिंग पहिल्या रांगेत असत, आणि त्यांच्या घरात सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नसे. ती डोक्यावर पदर घेऊन उभ्यानंच ग्रामसभा चालवायची. आजचा ठराव गावतलावाच्या पोटात केलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घालून केलेली भाताची शेतं, मोडण्याचा होता. सर्वांत मोठी बांधी झामसिंगांचीच होती. ठराव वाचून ती म्हणाली, "ज्याले मंजूर आहे त्यानं हात वर करा." सगळे झामसिंगांकडं पाहत राहिले. एकही हात हलला नाही. झामसिंग उठले. "असा उभ्यानं ठराव नाही होत," म्हणाले आणि बाहेर निघून गेले. "बुढा बिथरला," कोणीतरी पुटपुटलं. योगेश्वरी रिकाम्या जागेकडं पाहत खुर्चीवर टेकली. तिनं ठराव पुन्हा वाचला. खिडकीच्या गजांबाहेर एक हात वर झाला. "बसली का, बाई?" झामसिंगांनी बाहेरून विचारलं. "मंग माहा हात मोजजो."