बाकी सर्व मंडळी

लढाई संपून सात महिने झाले, तरी नाईक केरबा शेलारला इटलीच्या बंदरातून घरी न्यायला बोट काही येईना. तंबूत बसून तो दर आठवड्याला वडिलांना पत्र लिही: तब्येत ठीक, बैलाला जपा, बाकी सर्व मंडळींस नमस्कार. त्या बाकी सर्व मंडळींतच त्याची बायको हौसाही यायची. पत्र वाचणार गावचे गुरुजी, तेही पारावर बसून, खणखणीत आवाजात. तिथं बायकोचं नाव कोण काढणार?

त्या दिवशी मात्र टपालात हौसाचंच पत्र आलं. अक्षर वाकडंतिकडं होतं. "गुरुजींच्या बायकोकडून लिवायवाचायला शिकले. तीन वर्सं बैलाचीच चवकशी ऐकली. आता फकस्त माझ्यापुरतं लिवा. माझं पत्र मीच वाचणार."

केरबाला घाम फुटला. शेजारच्या खाटेवरच्या धोंडजीनं घाबरून विचारलं, "काय रं, कोण गेलं?"

"कुणी न्हाई. बायको वाचाय शिकली."

"मग सुतकी तोंड कशाला?"

"आता खरं लिवावं लागंल!"

"आपला गोरा साहेब समद्यांची पत्रं फोडून वाचतो, म्हणून लिवता येत न्हाई, असं कळव."

"तो मागल्याच बोटीनं विलायतेला गेला की!"

दुपारभर केरबानं चार कागद फाडले. पाऊसपाण्याच्या चौकशीपुढं गाडी जाईना. पाचव्यावर त्यानं दात आवळून लिहिलं, "हौसा, तुझ्याबिगर करमत न्हाई." आणि मन फिरायच्या आत, बूटसुद्धा न घालता, तो टपालाच्या तंबूकडं पळत सुटला.